देवपुजारींचे सात डबे

वहीच्या पहिल्या पानावर तारीख होती, आणि तारखेच्या इंग्रजी आकड्यांमध्ये ठिपक्यांच्या जागी इवलीइवली वर्तुळं काढलेली होती. गिरिजानं चष्मा कपाळावर सरकवला, वही डोळ्यांजवळ नेली, पुन्हा लांब धरली. वर्तुळंच. मोहरीच्या दाण्याएवढी, पण नीट सुरू करून नीट मिटवलेली. चाराचं डोकं उघडं. साताच्या पोटात आडवी रेघ. मेहरौलीच्या त्या पडक्या भिंतीवर पोपट कलकलत होते, जानेवारीचं ऊन पाठीवर बरं वाटत होतं, मागून जावई आशय हसत म्हणत होता, "आई, सही करा ना. डबा तुम्हाला दिसला पहिल्यांदा, तुमचा हक्क आहे." आणि तिची नजर त्या आकड्यांवरून हलत नव्हती. ती तिथल्याच एका दगडावर बसली. "काय झालं गं?" सुकन्यानं विचारलं. "काही नाही. चढ लागला." चढ नव्हताच. जमीन तळहातासारखी सपाट होती.

हा खेळ सुकन्यानं आणलेला. गुडगावच्या तिच्या कंपनीनं तिला सहा महिने अमेरिकेला पाठवलं होतं, तिथून ती हातात मावणारं एक यंत्र घेऊन आली. उपग्रहांना विचारून, तुम्ही पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे उभे आहात ते अक्षांश-रेखांशात सांगणारं. जगभर म्हणे लोक असे डबे लपवतात आणि जागेचे आकडे वेबसाइटवर टाकतात. ते यंत्रात भरायचे आणि शोधत जायचं. डब्यात एक वही, एक पेन्सिल, एखादा बिल्ला किंवा किल्ल्यांची साखळी. सापडला की वहीत सही करायची, डबा होता तसा ठेवायचा, घरी येऊन वेबसाइटवर लिहायचं : मिळाला, किंवा नाही मिळाला. ज्यानं लपवला त्यानं त्याची देखभाल करायची. बस, एवढंच. "ट्रेझर हंट समज," सुकन्या म्हणाली होती. "घरात बसून तू आणि बाबा सडून जाल." विनायक आले नाहीत, त्यांना सर्दी होती. गिरिजा आली. तिला गंमत वाटत होती, की ज्या अक्षांश-रेखांशांची एकवीस वर्षं आपण कुलपात राखण केली, कागद टेबलावरून उठवताना रजिस्टरमध्ये सही केली, ते आता भाजीच्या भावासारखे कुणालाही मिळतात. "कुणी लपवलाय हा?" तिनं विचारलं. आवाज आपलाच आहे ना, असं तिला वाटून गेलं. आशयनं हातातला छापील कागद पाहिला. "ज़ीरोमाइल असं नाव घेतलंय त्यांनी. दिल्लीत सात डबे आहेत त्यांचे. कुणी म्हातारे सरकारी बाबू आहेत म्हणे, एकदम शौकीन." झीरो माईल. नागपूरचा तो दगड. देवपुजारीसाहेबांच्या टेबलाच्या काचेखाली त्या दगडाचा फोटो असायचा, आणि नवीन माणूस आला की ते बोट ठेवून सांगायचे, हा देशाचा मध्य, बाकी सगळं इथून मोजायचं.

गुणवंत देवपुजारी त्यांच्या सेक्शनचे प्रमुख होते. नकाशे काढणाऱ्या त्या सरकारी कार्यालयात गिरिजा खांबेटे नावं लिहायची. म्हणजे नकाशावरची अक्षरं : गावांची सरळ, नद्या-तळ्यांची तिरकी, ओढा जितका लहान तितकं अक्षर बारीक. श्वास रोखून एक अक्षर, मग श्वास, मग दुसरं. तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता, असं सगळे म्हणत, आणि ते खरंच होतं. त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत गुडगावकडच्या भागाच्या नकाशाचं एक शीट सापडेनासं झालं. बाहेर जाऊ न देण्याच्या शीटांपैकी. त्या दिवसांत सगळा देशच कात टाकत होता, दिल्लीबाहेरच्या बाजरीच्या शेतांत रंगीत पाट्या उगवत होत्या, आणि त्या शेतांची खाचखळग्यांसह माहिती कुणाकुणाला हवी होती. चौकशी बसली. देवपुजारींनी स्वतःच्या हातानं अकरा ओळी लिहून दिल्या : शीट शेवटचं श्रीमती खांबेटे यांच्या टेबलावर पाहिलं, अपुरं काम घरी नेण्याची त्यांना सवय आहे, शीट त्यांच्याकडूनच गहाळ झालं असावं. खाली सही, सहीखाली तारीख, तारखेत वर्तुळं. त्याची नक्कल तिला मिळाली होती. तिनं घरी कधी काही नेलं नव्हतं. घरी न्यायला लक्ष्मीबाई नगरच्या त्या दोन खोल्यांत टेबलच नव्हतं. पण हे कोण कुणाला सांगणार? त्या वेळी विनायकची बढतीची फाइल वर गेलेली. त्यांनी ऑफिसातून येऊन बूट काढता काढता शांतपणे सांगितलं, "चोरी म्हणत नाहीयेत ते. निष्काळजीपणा म्हणताहेत. लिहून दे, प्रकरण मिटेल." प्रकरण चिघळलं तर काय काय होईल, तेही त्यांनी बोटांवर सांगितलं. गिरिजानं लिहून दिलं. ज्या हातानं यमुनेचं नाव लिहिलं होतं त्याच हातानं, सुंदर अक्षरात, 'माझ्या निष्काळजीपणामुळे'. प्रकरण मिटलं. तिला टेबलावरून उठवून तळमजल्यावर डिस्पॅचमध्ये बसवलं. तिथे तिनं दहा वर्षं पाकिटांवर शिक्के मारले, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं, की आपला अंगठा आता थरथरतो.

तेवढ्यावर ते राहिलं असतं. माणूस विसरतो, निदान विसरल्यासारखं करतो. पण पंच्याण्णवात ती आणि विनायक एका नव्या वसाहतीत फ्लॅट बघायला गेले होते. एसी लावलेलं विक्रीचं ऑफिस, काचेच्या पेटीत पुठ्ठ्याच्या इमारती, पांढरा टाय लावलेला पोरगेला विक्रेता. विनायक नमुन्याच्या फ्लॅटमधली बाथरूमची फरशी पाहायला गेले आणि ती भिंतीवरच्या फ्रेमसमोर उभी राहिली. वसाहतीचा मोठा नकाशा. मूळ शीट मोठं करून त्यावर रंग भरलेले. कोपऱ्यात एक गावतळं होतं, जे आता बुजवलं होतं, पण नकाशावर त्याचं नाव राहून गेलेलं, तिरकं. तिचं अक्षर. 'ड'च्या पोटातलं ते शेवटचं वळण तिच्याशिवाय कुणी घेत नसे. "ये नक्शा तो बहुत रेअर है मॅडम," विक्रेता कौतुकानं म्हणाला. "हमारे देवपुजारी सर लाए थे. अब तो यहीं कन्सल्टंट हैं." परत येताना स्कूटरवर तिनं विनायकच्या पाठीला तोंड लावून सगळं सांगितलं. वाऱ्यात त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. सिग्नलला ते म्हणाले, "आता उकरून काय करायचंय?" फ्लॅट त्यांनी मग मयूर विहारला घेतला.

आणि आता, बारा वर्षांनी, तोच माणूस पिवळ्या झाकणाच्या लोणच्याच्या बरण्यांत वह्या घालून, वर पांढरं मेणकापड गुंडाळून, दिल्लीभर लपवत फिरत होता. लोकांनी शोधाव्यात म्हणून. बायका-मुलांना घेऊन रविवारी यावं, हसावं, सह्या कराव्यात म्हणून. गिरिजाला वहीच्या पानांत लहान मुलांनी काढलेली फुलं दिसली, 'थँक्यू अंकल' दिसलं, आणि तिच्या टाळूपर्यंत काहीतरी कढत चढलं. तिनं त्या दिवशी सही केली नाही. पेन्सिलीचं टोक मोडलंय म्हणाली. घरी आल्यावर सुकन्याला मात्र म्हणाली, "ते यंत्र राहू दे माझ्यापाशी. चालणं होईल." सुकन्या इतकी खूश झाली, की तिनं जुन्या कॉम्प्युटरवर तिला वेबसाइट कशी उघडायची ते शिकवलं, सातही डब्यांचे आकडे छापून दिले. "नाव काय घेतेस, आई?" गिरिजानं विचार केला आणि सांगितलं, "डिस्पॅच."

पहिला डबा तिनं मंगळवारी उचलला, तोच मेहरौलीचा. कापडी पिशवीत घातला, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली, बसनं घरी आली, कपाटात रजयांच्या मागे सरकवला, आणि वेबसाइटवर लिहिलं : नाही मिळाला. दुसरा तुघलकाबादच्या बुरुजाखालचा. तिसरा घराजवळच, तळ्याकाठी. विनायकना वाटायचं बायकोला म्हातारपणी चालण्याचा नाद लागला. ती गुणगुणायला लागली होती. आमटीला तिच्या कित्येक वर्षांत अशी चव आली नव्हती, असं विनायकच म्हणाले. रजयांमागच्या त्या बरण्या म्हणजे तिचं जणू माहेरचं काही होतं, दुपारी विनायक झोपले की ती हात घालून त्या नुसत्या मोजायची. इतरही लोक लिहू लागले : नाही मिळाला, नाही मिळाला. एका बाईनं लिहिलं, मुलगी वाढदिवसाला मुद्दाम आली होती, रडली. ती ओळ गिरिजानं दोनदा वाचली, पण मग खाली देवपुजारींचं उत्तर आलेलं होतं, आणि ती ते वाचण्यात रमली. 'मागच्या आठवड्यात मी स्वतः तपासला होता. डबा जागेवर आहे.' चार दिवसांनी : 'क्षमस्व. नवीन डबा ठेवला आहे.' तिनं तो नवीनही आणला. मग : 'मी ठेवल्याची मला खात्री आहे.' मग नुसतंच : 'मी ठेवला होता.' होता. खात्री गेली होती. गिरिजा खुर्चीत रेलून ते वाक्य घोटाघोटानं प्यायली. लिहा साहेब. गहाळ झाला म्हणून लिहा. कुणाच्या टेबलावर शेवटचा पाहिला तेही लिहा. फेब्रुवारीच्या शेवटाला एकच डबा राहिला, द्वारकेचा, आणि त्याच्याखाली देवपुजारींनी लिहिलं, 'हा मी गुरुवारी अकरा वाजता समक्ष जाऊन पाहणार आहे.'

गुरुवारी ती नऊलाच पोचली. इंद्रप्रस्थपर्यंत बस, तिथून मेट्रो. द्वारकेच्या एका सेक्टरच्या मागे, सोसायट्यांच्या उंच भिंतींमध्ये जुनी पायऱ्यांची विहीर अडकून राहिलेली आहे, समोर चार झाडांची बाग आणि बाकं. आकड्यांनी तिला बागेच्या कुंपणाच्या भिंतीशी नेलं. कडुनिंबामागे एक वीट सैल होती. बरणी पिशवीत गेली, वर घडी घातलेली शाल गेली, आणि ती बाकावर बसून राहिली. आजपर्यंत ती उचलून निघून जायची. आज तिला त्याचं तोंड पाहायचं होतं. अकराला पाच मिनिटं असताना रिक्षातून ते उतरले. ओळखूच आले नसते. कानटोपी, गळ्याशी मफलर, कोट खांद्यावरून ओघळलेला. बरोबर पस्तिशीची एक बाई, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच, सारखं घड्याळ बघणारी. देवपुजारी सरळ भिंतीशी गेले, वीट काढली, आत हात घातला. कोपरापर्यंत घातला. मग शेजारची वीट हलवून पाहिली, मग त्या पलीकडची.

"बाबा, नाहीये. चला ना आता."

"इथेच होती. मंगळवारी ठेवली मी."

"मंगळवारी आपण डॉक्टरांकडे होतो, बाबा. मेमरीच्या टेस्टला."

"मग सोमवारी."

"सोमवारी तुम्ही घरातनं बाहेरच पडला नाहीत." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "छोडो ना. मी वेबसाइटवर लिहून टाकते, की बाबांची तब्येत बरी नसते, डबे बंद. मिटेल सगळं."

ते मागे वळले, मदतीला कुणी आहे का ते पाहत, आणि त्यांची नजर बाकावर आली. गिरिजा बसलीच राहिली. त्यांनी डोळे बारीक केले, दोन पावलं पुढे आले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की तिला शिसारी आली. "गिरिजाबाई! खांबेटेबाई ना तुम्ही? केतकी, अगं ह्या आमच्या ऑफिसच्या. एकवीस वर्षं होत्या माझ्याकडे. काय हात होता ह्यांचा! आणि कागदाचा एक चिटोरा कधी इकडचा तिकडे झाला नाही ह्यांच्याकडनं. विचार ह्यांना. ह्या खोटं सांगणार नाहीत."

चिटोरा. हे त्या अकरा ओळींत नव्हतं. चौदा वर्षं ज्या एका वाक्यासाठी ती तळमळली, ते हा माणूस उन्हात उभा राहून, लहान पोरासारखं हसत, फुकट वाटत होता. त्याला काही आठवत नव्हतं, की आठवत असूनही तो असा होता, ते तिला कळेना. आणि कुठलं अधिक वाईट, तेही ठरवता येईना.

"काकू, तुम्ही केव्हापासून आहात इथे?" केतकीनं विचारलं. "प्लीज, काही पाहिलं असेल तर सांगा त्यांना. नाहीतर उद्या पुन्हा येतील, आणि मला पुन्हा सुट्टी."

"नऊपासून," गिरिजा म्हणाली. अंगठा थरथरत नव्हता. "वीट सैल दिसली म्हणून मी सहज डोकावले होते. आत काही नव्हतं."

"बघा," केतकी हळूच म्हणाली. देवपुजारी हसतच होते अजून, पण हसणं तोंडावर राहून गेल्यासारखं. ते गिरिजाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मग नजर खाली उतरली, बाकावरच्या पिशवीवर आली. शाल एका बाजूला घसरली होती, आणि कापडाला आतून बरणीचा गोल उमटला होता. "पिशवीत काय आहे?" ते म्हणाले. "बघू ती पिशवी."

"बाबा!" केतकीनं त्यांचा दंड धरला. ती लाजेनं लाल झाली होती. "सॉरी काकू. खरंच सॉरी. घरी कामवालीवर पण असंच. परवा तिला बिचारीला…" ती त्यांना ओढू लागली. "चला बाबा. चला म्हणते ना."

त्यांनी झटापट केली नाही. मुलीनं ओढलं तसे वळले. चार पावलांवर थांबले आणि मागे पाहिलं. त्या पाहण्यात कानटोपीतला म्हातारा नव्हता, काचेच्या टेबलामागचा माणूस होता, स्वच्छ, पूर्ण शुद्धीवर. "अच्छा," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, जणू एखादी बेरीज जुळल्यासारखं, "अच्छा, गिरिजाबाई." आणि गेले. रिक्षात बसताना केतकीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, टपाला लागू नये म्हणून.

मेट्रोत तिला खिडकीची जागा मिळाली. तिला वाटलं होतं तसंच सगळं झालं होतं, उलट वाटलं होतं त्याहून अधिक. पापपुण्याचं काही मनात आलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन ती बसली होती आणि अंगभर एक सुस्त, जेवल्यासारखी ऊब होती. खाली नव्या वसाहती सरकत होत्या, पाण्याच्या टाक्या, वाळत टाकलेल्या रजया. गेले. ओळखून गेले, आणि ओळखल्याचं कुणाला पटवता येणार नाही. स्वतःच्या मुलीलासुद्धा. ही गोष्ट ती पुन्हा पुन्हा मनात उलगडत होती. आणि करोल बागच्या आसपास ती ऊब संपली. अशी संपली, की तिलाच नवल वाटलं. आतला तो जुना दाह जसाच्या तसा होता, किंचितही निवला नव्हता. देवपुजारींवर तो ती टाकू पाहत होती आणि तो त्यांना चिकटतच नव्हता. देवपुजारी चोर होते. चोरानं चोरी केली, आपल्यावर ढकलली, जगात हे चालतंच. कानांत वाजत होतं ते केतकीचं बोलणं. दमलेलं, मायेचं, घड्याळाकडे बघत. लिहून टाकते. मिटेल सगळं. गिरिजानं पिशवी घट्ट धरली. स्टेशन आलं तेव्हा तिला कुणीतरी धक्का दिला आणि तिच्या लक्षात आलं, की आपण दात आवळून बसलो आहोत.

घरी विनायक जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत होते. "आलीस? जेवायला थांबलोय," ते म्हणाले. गिरिजा आत गेली, रजयांमागचे सगळे डबे काढून घेऊन आली आणि एकेक करत वर्तमानपत्रावर मांडले, सालींच्या ढिगाशेजारी. पिशवीतला शेवटी ठेवला. विनायकनी चष्म्यावरून पाहिलं. "हे काय? लोणचं?"

"देवपुजारींचे आहेत. चोरून आणलेत मी."

मग तिनं सांगितलं. उभ्याउभ्याच, वर्तुळांपासून आजच्या 'अच्छा'पर्यंत. विनायकचे हात थांबले होते. त्यांनी एक बरणी उचलून पाहिली, खाली ठेवली, तिचं झाकण पुसलं. "वेडी झालीस काय तू? या वयात? कुणी पाहिलं असतं तर? त्या म्हाताऱ्या माणसाला…" त्यांनी मान हलवली. "चौदा वर्षं झाली, गिरिजा. तेव्हाच मिटलं होतं ते."

"तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"काय विचारलं नाही?"

"शीट मी नेलं होतं का."

"त्यात विचारायचं काय?" ते चटकन म्हणाले. "नेलं असतंस तरी मी तुझ्याच बाजूचा होतो. म्हणून तर लिहून दे म्हटलं." बोलल्यावर ते स्वतःच थांबले. हातातली शेंग त्यांनी उघडली नाही. बाहेर सोसायटीच्या फाटकाशी भाजीवाला ओरडत होता. मग वर न बघता, अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "नेलं होतंस का?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ चौदा वर्षं तयार होतं. डिस्पॅचमध्ये शिक्के मारताना, स्कूटरवर मागे बसून, मुलीच्या लग्नात अंतरपाटाआड उभी असताना, ते जिभेवरच होतं. ते द्यायला तिनं तोंड उघडलं आणि त्यांचा आवाज तिच्या कानांत पोचला. तो तिची समजूत काढणारा आवाज नव्हता. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. शेजारी झोपून, रोज तिच्या हातचं जेवून, त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यानं त्यांचं कधी काही अडलंही नव्हतं. आज पहिल्यांदा अडलं होतं. गिरिजानं खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर बसली आणि मटाराचं भांडं आपल्याकडे घेतलं.

"गिरिजा," ते म्हणाले. "मी विचारतोय."

"ऐकलं मी," ती म्हणाली, आणि शेंग सोलायला घेतली.